हायड्रिलाच्या पानात पेशीच्या सांगाड्याचे काम कसे पाहावे

पेशीच्या आतला प्रथिनतंतूंचा सांगाडा शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही. त्यातील अ‍ॅक्टिनचे तंतू सुमारे ७ नॅनोमीटर आणि सूक्ष्मनलिका सुमारे २५ नॅनोमीटर जाडीच्या असतात, तर साध्या प्रकाशात चालणाऱ्या सूक्ष्मदर्शकाला साधारण २०० नॅनोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दाखवता येत नाहीत. तंतू दिसत नसले, तरी त्यांचे काम, म्हणजे पेशीतल्या पातळ पेशीद्रव्याला वाहते ठेवणे, जिवंत पेशीत स्पष्ट दिसते. सांगाडा म्हणजे नुसता आधार, हा आकृत्या पाहून होणारा समज दूर करण्यासाठी यापेक्षा चांगला प्रयोग मला माहीत नाही.

मत्स्यालयाच्या दुकानातून हायड्रिला या पाणवनस्पतीची ताजी फांदी आणावी आणि मूळच्याच पाण्यात अर्धा-एक तास उजेडात ठेवावी, कारण उजेडाने पेशीद्रव्याच्या प्रवाहाला चालना मिळते. शेंड्याजवळचे कोवळे पान चिमट्याने बुडापासून अलगद तोडून काचपट्टीवर त्याच पाण्याच्या थेंबात सपाट ठेवावे आणि बुडबुडा अडकणार नाही अशा बेताने आच्छादन काच तिरकी टेकवून सोडावी. पान बहुतांशी दोनच पेशींच्या थरांचे असल्यामुळे छेद घ्यावा लागत नाही. आधी १० पटीच्या वस्तुभिंगाने मध्यशीर शोधावी, मग ४० पटीच्या भिंगाने तिच्यालगतच्या लांबट पेशी पाहाव्यात आणि थोडा धीर धरावा, कारण प्रवाह सुरू व्हायला कधी कधी काही मिनिटे लागतात.

हिरवी हरितलवके पेशीभित्तिकेच्या कडेकडेने, मधल्या मोठ्या रिक्तिकेला (द्रवाने भरलेल्या पिशवीला) वळसा घालत, एकाच दिशेने सरकताना दिसतील. कण जागच्या जागी थरथरत असतील तर तो पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांचा परिणाम असतो, त्याला प्रवाह समजू नये. खरी खूण दिशेची आहे. पेशीपटलाखाली अ‍ॅक्टिनच्या तंतूंच्या जुड्या असतात, आणि प्रत्येक तंतूची दोन टोके सारखी नसल्यामुळे मायोसिन हे प्रथिन एटीपी या पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूतील ऊर्जा वापरून त्यावरून ठरावीक टोकाकडेच चालते. एका बाजूच्या जुड्यांतील तंतू एकाच दिशेला तोंड करून असल्याने मायोसिनने ओढलेले पेशीद्रव्यही एकाच दिशेने वाहते. बोनाव्हेंतुरा कॉर्ती यांनी १७७४ मध्ये असा प्रवाह प्रथम नोंदवला, तेव्हा या प्रथिनांची कोणाला कल्पनाही नव्हती. सूक्ष्मनलिकांचे वनस्पतिपेशीतील काम वेगळे आहे: भित्तिकेत सेल्युलोजचे धागे कोणत्या दिशेने विणले जावेत हे त्या ठरवतात, आणि ते काम या प्रयोगात दिसणार नाही.

आता वेग मोजावा. नेत्रिकेवर (डोळ्याजवळच्या भिंगावर) १० पट आणि क्षेत्रांक (नेत्रिकेतील दृष्टिक्षेत्राचा मिलिमीटरमधला व्यास) १८ असे कोरलेले असेल, तर ४० पटीच्या भिंगाखाली दृष्टिक्षेत्राचा व्यास १८ भागिले ४०, म्हणजे ०.४५ मिलिमीटर किंवा ४५० मायक्रोमीटर असतो. त्याच्या पाचव्या हिश्शाइतके, म्हणजे ९० मायक्रोमीटर अंतर एखाद्या हरितलवकाने १८ सेकंदांत कापले, तर वेग सेकंदाला ५ मायक्रोमीटर झाला. एकाच पेशीतील निदान पाच हरितलवकांची सरासरी घ्यावी. मग टिपकागदाने एका कडेचे पाणी शोषून घेत दुसऱ्या कडेने फ्रिजमधले थंड पाणी सोडावे आणि त्याच पेशीत पुन्हा मोजणी करावी. वेग घटेल, कारण मायोसिनची एटीपी वापरण्याची गती तापमानावर अवलंबून असते. काचपट्टी खोलीच्या तापमानाला आली की तो पुन्हा वाढू लागतो, आणि तसे झाले नाही तर पेशीला इजा झाली असे समजून नवे पान घ्यावे.