स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरला साउंड लायब्ररी कशी जोडावी

स्टाफवर, म्हणजे पाच ओळींच्या पाश्चात्त्य स्वरलिपीत, लिहिलेली रचना कॉम्प्युटरवर वाजवून पाहिली की बहुतेकांची निराशा होते. पियानोचं एक वेळ ठीक असतं, पण व्हायोलिनचा लांब सूर सुरुवातीपासून शेवटपर्यंत सपाट ऐकू येतो. म्हणून खऱ्या वादकांकडून एकेक सूर वेगवेगळ्या जोरात आणि वेगवेगळ्या वादनतंत्रांनी ध्वनिमुद्रित करून बनवलेल्या लायब्ऱ्या लोक घेतात. आणि त्या बसवल्यावरही आवाज सपाटच येतो तेव्हा दोष लायब्ररीला देतात.

लायब्ररीला स्वरलिपी वाचता येत नाही. कोणती पट्टी दाबली, किती जोरात दाबली आणि कोणता कंट्रोल कुठे आहे, एवढंच तिला मिडीतून, म्हणजे वाद्यं आणि कॉम्प्युटर यांच्यातल्या सूचनांच्या भाषेतून, कळतं. सुरावरचा स्टॅकाटोचा (तुटक वाजवण्याचा) ठिपका, क्रेशेंडोची (आवाज हळूहळू वाढवण्याची) खूण, ‘पिझिकाटो’ (तार बोटाने छेडणं) हा शब्द या सगळ्याचं मिडीत रूपांतर सॉफ्टवेअरनेच करायचं असतं, आणि ते कसं करायचं हे आपण त्याला सांगायचं असतं. खरी मेहनत इथेच आहे.

पायरी १ : जुळतंय का ते आधी पाहा

डोरिको आणि म्यूजस्कोर ४ या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरना व्हीएसटी३ प्रकारचं प्लगइन (सॉफ्टवेअरच्या आत चालणारा जोड-प्रोग्रॅम) लागतं. मॅकवरचं सिबेलियस हे तसंच सॉफ्टवेअर एयू या दुसऱ्या प्रकारचं प्लगइनही घेतं. कॉन्टॅक्ट या लायब्ऱ्या वाजवणाऱ्या प्लगइनसाठी बनवलेली लायब्ररी घेत असाल तर ती फुकटच्या कॉन्टॅक्ट प्लेअरमध्ये चालते की पूर्ण कॉन्टॅक्ट विकत घ्यावं लागतं, हे पैसे भरण्याआधी वाचा. पूर्ण आवृत्तीसाठीची लायब्ररी प्लेअरमध्ये उघडते खरी, पण थोड्या वेळाने बंद पडते.

शिकण्यासाठी स्पिटफायर या कंपनीची ‘बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्रा डिस्कव्हर’ उत्तम. ती फुकट आहे आणि डिस्कवर फारशी जागा घेत नाही. मोठ्या लायब्ऱ्या शेकडो जीबीच्या असतात. त्या एसएसडीवरच ठेवा.

पायरी २ : एकच वाद्य लावा

अख्खा ऑर्केस्ट्रा एकदम लोड करू नका. नवी फाइल, एकच स्टाफ, एकच व्हायोलिन. प्लगइनची खिडकी उघडून तिथल्या पट्ट्यांवर क्लिक करा. तिथे आवाज येतो पण स्कोअर (लिहिलेली रचना) वाजवल्यावर येत नाही, असं झालं तर चॅनल तपासा. एका मिडी पोर्टवर १६ चॅनल असतात, आणि स्टाफ एका चॅनलवर नि वाद्य दुसऱ्यावर, ही नेहमीची गफलत आहे.

पायरी ३ : लहानमोठा आवाज

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. पियानोत पट्टी किती जोरात दाबली यावर आवाज ठरतो. मिडीत त्याला व्हेलॉसिटी म्हणतात. पण व्हायोलिन किंवा बासरीचा सूर सुरू झाल्यावरही वाढतो, ओसरतो. त्यामुळे बहुतेक लायब्ऱ्यांत लांब सुरांचा जोर सीसी१ या कंट्रोलरवर, म्हणजे मॉड्युलेशन व्हीलवर, ठेवलेला असतो. त्याची किंमत ० ते १२७ अशी सरकते. ती वाढली की आवाज नुसता मोठा होत नाही, तर जोरात वाजवलेलं वेगळं ध्वनिमुद्रण पुढे येतं आणि सुराचा पोतच बदलतो. सीसी११ (एक्स्प्रेशन) आणि सीसी७ (व्हॉल्यूम) यांनी मात्र बहुधा फक्त पातळी कमीजास्त होते.

सॉफ्टवेअर व्हेलॉसिटी पाठवत असेल आणि लायब्ररी सीसी१ची वाट पाहत असेल, तर क्रेशेंडो लिहूनही काही घडत नाही. डोरिकोत हे एक्स्प्रेशन मॅपमध्ये, म्हणजे कोणत्या खुणेला कोणती मिडी सूचना जावी या यादीत, ठरवता येतं : लांब सुरांसाठी सीसी१, स्टॅकाटोसारख्या आखूड सुरांसाठी व्हेलॉसिटी. चाचणी सोपी आहे. पियानिसिमोपासून (अगदी हळू) फोर्टिसिमोपर्यंत (खूप जोरात) जाणारा एकच लांब सूर लिहा आणि प्लगइनमधलं सीसी१चं बटण सरकतंय का ते पाहा.

पायरी ४ : वादनतंत्रं

एका तंत्रावरून दुसऱ्यावर जाण्यासाठी लायब्ररीत कीस्विच असतात. वाद्याच्या पल्ल्याबाहेरची एखादी पट्टी दाबली की ती स्वतः वाजत नाही, फक्त तंत्र बदलते. कोणत्या तंत्राला कोणती पट्टी, हे लायब्ररीच्या माहितीपुस्तिकेत असतं. ते एक्स्प्रेशन मॅपमध्ये भरा. सुरुवातीला साधा लांब सूर, स्टॅकाटो, पिझिकाटो आणि ट्रेमोलो (गज भरभर मागेपुढे करत वाजवलेला सूर) एवढी चार पुरेत.

इथे सप्तकाचा एक घोटाळा होतो. मिडीतला ६० क्रमांकाचा सूर, म्हणजे मधला सी, कुणी ‘सी३’ म्हणतं तर कुणी ‘सी४’. पुस्तिकेप्रमाणे सगळं भरूनही तंत्र बदलत नसेल, तर कीस्विच एक सप्तक वर किंवा खाली करून पाहा. बऱ्याचदा तेवढंच कारण असतं. आणि मूळ तंत्रालाही स्वतःचा कीस्विच द्या, नाहीतर पिझिकाटो संपून ‘आर्को’ (पुन्हा गजाने) लिहिलं तरी तारा छेडल्याच जातील.

या खटाटोपात पडायचं नसेल तर नोटपरफॉर्मर हा स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरसाठीच बनवलेला आवाजांचा संच चांगला मार्ग आहे. तो स्कोअर साधारण एक सेकंद पुढे वाचतो आणि त्यावरून वाक्यांश कसा वाजवायचा ते ठरवतो. म्यूजस्कोर ४ वापरणाऱ्यांसाठी फुकटचे म्यूज साउंड्सही स्कोअरमधल्या खुणा स्वतः ओळखतात.

पायरी ५ : कान देऊन जुळवणी

आता बाकीची वाद्यं एकेक करून वाढवा. लायब्ररीच्या ध्वनिमुद्रणात सभागृहाची घुमार आधीच असेल, तर सॉफ्टवेअरचा रिव्हर्ब (कृत्रिम घुमार) कमी करा, नाहीतर सगळं धूसर होतं. काही लेगाटो (सूर एकमेकांना जोडून वाजवलेले) आवाज सावकाश उमलतात आणि जलद ओळीत मागे पडतात. तिथे आखूड सुरुवातीचा आवाज निवडा.

आवाज सुधारावा म्हणून लिहिलेली स्वरलिपी मात्र बदलू नका. स्कोअर उद्या माणसांसमोर जाणार आहे, आणि लायब्ररीच्या सोयीसाठी घुसवलेला एखादा विराम वादकाला बुचकळ्यात टाकतो. डोरिकोच्या प्ले मोडमध्ये सुराची वाजण्याची लांबी छापील स्वरलिपीला हात न लावता बदलता येते.

पायरी ६ : जतन आणि निर्यात

आवाज तुटत असेल तर बफर, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी आधी तयार करून ठेवतो ते आवाजाचे नमुने, ५१२ किंवा १०२४ करा. ४४.१ किलोहर्ट्झवर ५१२चा बफर म्हणजे जेमतेम १२ मिलिसेकंद, आणि सूर माउसने लिहीत असाल तर हा उशीर जाणवतच नाही. जुळवलेली मांडणी टेम्प्लेट म्हणून जतन करा. डोरिकोत त्यासाठी प्लेबॅक टेम्प्लेट आहेत. शेवटी डब्ल्यूएव्ही फाइल काढा आणि ती हेडफोनवर एकदा नि स्पीकरवर एकदा, पूर्ण ऐका. मंद्र सप्तकातले डबल बास आणि सेलो यांचा तोल दोन्हीकडे वेगळा लागतो, आणि तो मिक्सरमध्येच सुधारायचा.