राज्याची कॅन्सर रजिस्ट्री कायद्याने उभी करायची तर मसुद्यात काय हवं, काय नको

राज्यात दरवर्षी कॅन्सरच्या नवीन केसेस किती होतात असं विचारलं की बहुतेक वेळा एखाद्या मोठ्या हॉस्पिटलचा आकडा पुढे येतो, आणि खरं सांगायचं तर तो या प्रश्नाचं उत्तरच नसतो. हॉस्पिटलच्या आकड्यातून तिथे कोण आलं एवढंच कळतं, म्हणजे शेजारच्या राज्यातून आलेले पेशंट त्यात धरले जातात आणि इथलेच पण उपचाराला बाहेर गेलेले सुटतात. राज्याच्या रजिस्ट्रीचं काम वेगळं आहे, त्या राज्यात राहणाऱ्या माणसांना झालेला प्रत्येक नवीन कॅन्सर एकदा आणि एकदाच मोजायचा, मग उपचार कुठे का घेतलेले असेनात किंवा घेतलेलेच नसेनात.

एका शहरापुरतं हे कायद्याशिवायही जमतं. मुंबईची रजिस्ट्री १९६३ मध्ये सुरू झाली तेव्हापासून रजिस्ट्रीची माणसं स्वतः हॉस्पिटलं आणि लॅबमध्ये जाऊन रेकॉर्ड बघून नोंदी घेतायत, आणि आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) कॅन्सर नोंदणीचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८१ मध्ये ठरून १९८२ पासून कामाला लागला तोही बराचसा याच पद्धतीवर चालत आला. पण अख्खं राज्य म्हटलं की शेकडो लॅब, छोटी नर्सिंग होम, खाजगी रेडिएशन सेंटर, आणि त्यातल्या एका मोठ्या लॅबने 'आम्ही पेशंटची माहिती देत नाही' म्हटलं की आकड्याला भोक पडतं आणि ते कुठे आणि केवढं पडलंय ते कळतसुद्धा नाही. कायदा लागतो तो यासाठी.

मसुदा लिहायला बसण्याआधी एक बघून घ्या, हातात आधीच कुठला कायदा आहे का. भारतात सार्वजनिक आरोग्य हा राज्यसूचीतला विषय, त्यामुळे विधानसभेला कायदा करता येतो, पण बऱ्याच राज्यांनी शॉर्टकट घेतला आणि अधिसूचना काढून कॅन्सर 'नोटिफायेबल', म्हणजे सरकारला कळवणं बंधनकारक असलेला रोग, करून टाकला. वाईट नाहीये ते, काहीच नसण्यापेक्षा बरं, लवकरही होतं. अडचण अशी की अशा अधिसूचनेत साधारण 'कळवा' एवढंच असतं. कळवलं नाही तर रजिस्ट्रीचा माणूस आत येऊन फाईल बघू शकतो का, कळवणाऱ्या डॉक्टरवर पेशंटने केस टाकली तर काय, माहिती संशोधकाला द्यायची का, पैसे कुठून येणार, यातलं काहीच नसतं. शिवाय नोटिफायेबल म्हटलं की लोकांच्या डोक्यात साथीचा रोग येतो, घरी येऊन चौकशी, विलगीकरण वगैरे. त्यामुळे अधिसूचना पहिल्या वर्ष-दोन वर्षांसाठी काढा हवं तर, पण तेवढ्यात कायदा तयार ठेवा, आणि त्यात सरळ लिहा की या नोंदीच्या आधारावर पेशंटविरुद्ध कुठलीही कारवाई होणार नाही, नोकरी किंवा विम्यासाठी ती कोणाला दिली जाणार नाही.

मसुद्याचा सांगाडा शून्यातून बनवायची गरज नाही. अमेरिकेत १९९२ साली कॅन्सर रजिस्ट्रीज अमेंडमेंट अ‍ॅक्ट झाला, त्यात केंद्राने राज्यांना सांगितलं की रजिस्ट्रीसाठी पैसे हवेत तर तुमच्या राज्यात अमुक तरतुदी असलेला कायदा किंवा नियम पाहिजेत. त्या तरतुदी आजही चेकलिस्ट म्हणून चालतात. हॉस्पिटलांनी कळवायचं, डॉक्टरांनीही कळवायचं, रजिस्ट्रीला मूळ रेकॉर्ड बघायचा अधिकार, ठरलेल्या फॉरमॅटमध्ये आणि ठरलेल्या दर्जाची माहिती, गुप्तता, संशोधनासाठी माहिती देण्याचा मार्ग, अभ्यास करण्याची परवानगी, आणि कायदा पाळून कळवणाऱ्याला दिवाणी दाव्यापासून संरक्षण. सगळ्या हव्यात, पण माझ्या मते तीन गोष्टींवर रजिस्ट्री जगते किंवा मरते आणि मसुद्याचा सगळा जीव त्यात ओतावा: लॅब, मृत्यूच्या नोंदी, आणि आत जाऊन फाईल बघायचा अधिकार.

लॅबचं आधी. कॅन्सरचं निदान बहुतेक वेळा कुठे पक्कं होतं तर पॅथॉलॉजिस्टच्या मायक्रोस्कोपखाली. डॉक्टर शेकडो, त्यांना फॉर्म भरायला वेळ नाही, विसरतात, समोरचा भरेल असं समजतात. लॅब त्या मानाने मोजक्या, रिपोर्ट कॉम्प्युटरवरच टाईप होतो, तिथून पाठवणं सोपं. कॅलिफोर्नियात राज्यभराची नोंदणी १९८८ पासून चालू होती, तरी २०१९ पासून पॅथॉलॉजिस्टनी थेट इलेक्ट्रॉनिक पाठवायचं असं वेगळं बंधन आणावं लागलं. आपण ते पहिल्याच दिवशी आणावं. कलम साधारण असं लिहिता येईल:

'राज्यातील रहिवाशाच्या नमुन्यावरून कर्करोगाचे निदान करणारी प्रत्येक प्रयोगशाळा, ती राज्यात असो वा राज्याबाहेर नमुना पाठविणाऱ्या संस्थेमार्फत काम करीत असो, निदानाचा अहवाल विहित मुदतीत व विहित नमुन्यात नोंदवहीस पाठवील. यासाठी रुग्णाची स्वतंत्र संमती आवश्यक असणार नाही.'

'राज्याबाहेर' वाला तुकडा काढू नका. हल्ली नमुना कुरियरने दुसऱ्या राज्यात जातो, रिपोर्ट ईमेलने येतो, आणि बाहेरच्या लॅबवर आपल्या राज्याचा कायदा चालवणं अवघड, म्हणून जबाबदारी नमुना पाठवणाऱ्यावरही टाकायची. त्याच कलमाच्या पाठीला शेजारच्या राज्यांच्या रजिस्ट्रीबरोबर नोंदींची देवाणघेवाण करायची परवानगी जोडा, नाहीतर सीमेवरच्या जिल्ह्यांत कॅन्सर कमी आहे असा भलताच निष्कर्ष निघतो, प्रत्यक्षात तिथले लोक पलीकडे जाऊन उपचार घेत असतात.

संमतीबद्दल वाद होणारच. विरोध करणारे वाईट हेतूने करत नाहीत, प्रश्न रास्त आहे. उत्तर एवढंच की संमती घेतली तर जे आधीच अत्यवस्थ आहेत, ज्यांना निदान सांगितलेलंच नाही, जे विचारायच्या आत वारले, ते सगळे गळतात, आणि नेमकं त्यांना वगळून मोजलेला जगण्याचा दर खोटा चांगला दिसतो. डेन्मार्कची रजिस्ट्री १९४२ पासून डॉक्टरांच्या खुशीवर चालली आणि चांगली चालली, तरी १९८७ मध्ये त्यांनी कळवणं सक्तीचं केलंच. फक्त एक आहे, संमती काढून घेतली की बदल्यात गुप्तता कडक द्यावी लागते, आणि भारतात २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा असल्यामुळे संमतीशिवाय नोंद कोणत्या अधिकाराने होते हे राज्याच्या कायद्यात स्पष्ट शब्दांत पाहिजे, अध्याहृत ठेवून चालणार नाही.

गुप्ततेचं कलम लिहिताना 'नाव-पत्ता उघड करणार नाही' इथे थांबू नका. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात एका वर्तमानपत्राने मुलांमधल्या न्यूरोब्लास्टोमाच्या (कच्च्या मज्जापेशींतून होणाऱ्या कॅन्सरच्या) केसेस मागितल्या, फक्त कॅन्सरचा प्रकार, निदानाची तारीख आणि पिनकोड, नाव नको म्हणाले. आरोग्य खात्याने नकार दिला, त्यांच्या तज्ज्ञाने कोर्टात सांगितलं की एवढ्यावरूनही मूल ओळखता येतं, तरी २००६ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने माहिती द्या म्हणून सांगितलं, कारण कायद्यातले ओळख पटण्याबद्दलचे शब्द मोघम होते. म्हणून मसुद्यात लिहा की छोट्या भागातले छोटे आकडे हीसुद्धा गोपनीय माहिती आहे, माहिती अधिकाराच्या अर्जावर केसवार यादी देता येणार नाही, आणि किती केसेसच्या खालचा आकडा छापायचा नाही ते नियमांत ठरेल. अमेरिकेच्या राष्ट्रीय आकडेवारीत १६ पेक्षा कमी केसेसवरचा दर छापत नाहीत, सुरुवात तिथून करता येईल. संशोधकाला मात्र दार बंद करू नका, एथिक्स कमिटीची मंजुरी आणि लेखी करार घेऊन माहिती मिळाली पाहिजे, नाहीतर एवढं सगळं कपाटात ठेवायला गोळा केलं असं होईल.

आता काय नको. मूळ कायद्यात फॉर्मचे रकाने नकोत, कॅन्सरची यादी नको, कॅन्सरच्या प्रकारांना देतात त्या कोडची आवृत्ती नको. १९९२ च्या त्याच अमेरिकन कायद्यात मेंदूच्या साध्या, म्हणजे मॅलिग्नंट नसलेल्या गाठी धरलेल्या नव्हत्या, कवटीच्या आत त्या गाठीही जीव घेतात हे माहीत असूनही, आणि त्या आत आणायला २००२ मध्ये दुसरा कायदा करावा लागला, प्रत्यक्ष नोंदणी २००४ च्या निदानांपासून. एक ओळ बदलायला दहा-बारा वर्षं. त्यामुळे कायद्यात फक्त 'शासन अधिसूचित करेल असे कर्करोग व गाठी' म्हणा आणि यादी नियमांत टाका. यादी करताना त्वचेचे बेसल आणि स्क्वेमस सेल कॅन्सर सहसा बाहेर ठेवतात, संख्या प्रचंड आणि बरेचसे दवाखान्यातच काढून टाकतात.

दंडावरही फार जीव टाकू नका. मसुदा समितीत कोणीतरी हमखास जबर दंड आणि कैद सुचवतो, डॉक्टर संघटना उठते आणि बिल तिथेच अडकतं. कॅलिफोर्नियाची युक्ती जास्त कामाची वाटते मला: संस्थेने कळवलं नाही तर रजिस्ट्रीचा माणूस जाऊन स्वतः फाईलमधून माहिती काढणार आणि त्याचा खर्च त्या संस्थेने द्यायचा. भांडण कमी, आणि नोंद तरी मिळते, दंडाने नोंद मिळत नाही. मुदत मात्र स्पष्ट हवी, लॅबला कमी, हॉस्पिटलला साधारण सहा महिने, कारण पहिला उपचार काय झाला तेही नोंदवायचं असतं.

एक केस प्रत्यक्ष कशी जाते ते बघितलं की कलमं कशाला हवीत ते कळतं. एका बाईला स्तनात गाठ, बायोप्सीचा रिपोर्ट एका लॅबमधून येतो, त्यावर नाव 'सुनीता', वय ५२, पत्ता नाही. ऑपरेशन दुसऱ्या हॉस्पिटलात, तिथे नाव 'सुनिता', वय ५४, पत्ता भावाचा. रेडिएशन तिसरीकडे, आडनाव माहेरचं. वर्षभराने घरी मृत्यू, दाखल्यावर कारण 'हृदयक्रिया बंद पडणे'. चार कागद, माणूस एक, आणि रजिस्ट्रीत नोंद एकच व्हायला पाहिजे: जागेचा कोड सी५०.४ (स्तनाचा वरचा बाहेरचा भाग), पेशींच्या प्रकाराचा कोड ८५००/३ (दुधाच्या नलिकांचा कॅन्सर), शेवटचा ३ म्हणजे पसरू शकणारा कॅन्सर, तारीख पहिल्या निदानाची. पुढे तिलाच दुसऱ्या अवयवात नवा, स्वतंत्र कॅन्सर झाला असता तर ती दुसरी नोंद, पण स्तनाचाच यकृतात पसरला असता तर नाही. हे ठरवायला शिकलेला रजिस्ट्रार लागतो, डेटा एंट्री ऑपरेटर नाही. जन्मतारीख, फोन नंबर, आईवडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, कायम राहण्याचा पत्ता हे ओळखीचे रकाने लॅबच्या मागणी-फॉर्मवरच सक्तीचे करण्याचा अधिकार म्हणूनच कायद्यात घ्यायचा. लॅबच्या रिपोर्टवर पत्ताच नसेल तर बाई राज्यातली की बाहेरची इथपासून शोध चालू.

मृत्यूच्या नोंदी याच कारणासाठी. जन्म-मृत्यू निबंधकाकडून नियमित डेटा मिळेल हे कायद्यात बंधनकारक करा, खात्या-खात्यातल्या पत्रव्यवहारावर सोडाल तर फाईल फिरतच राहील. दाखल्यावर कॅन्सर लिहिलाय पण रजिस्ट्रीत नाव नाही अशी केस सापडली की मागे जाऊन हॉस्पिटल शोधायचं, आणि काहीच सापडलं नाही तर 'फक्त मृत्यू दाखल्यावरून' म्हणून ठेवायची. अशा केसेसचं प्रमाण हा रजिस्ट्रीचा ताप मोजायचा थर्मामीटर आहे. उत्तर अमेरिकेतल्या रजिस्ट्रीजना वरचा दर्जा मिळायला हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आत आणि एकूण नोंदणी ९५ टक्क्यांच्या वर लागते. नवीन रजिस्ट्रीने पहिल्याच वर्षी तिथे पोचायची अपेक्षा ठेवू नये, पण उलट प्रमाण शून्य दिसलं तर खूश होऊ नका, बहुतेक मृत्यूच्या नोंदी जुळवल्याच गेलेल्या नसतात.

सॉफ्टवेअर हा सगळ्यात कमी काळजीचा भाग. आयएआरसी या जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेचं कॅनरेग हे रजिस्ट्रीचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आधी ते चालवून बघा, कोट्यवधीचं टेंडर नंतर. पैसा खरा लागतो तो पगाराला आणि प्रवासाला, आणि तो योजनेतून नको, अर्थसंकल्पात स्वतंत्र लेखाशीर्ष हवं असं कायद्यातच म्हणा, कारण रजिस्ट्री दोन वर्षं बंद पडली की मधली वर्षं मागाहून भरणं जवळपास अशक्य, कागद गेलेले असतात, पेशंट गेलेले असतात.

कायदा झाला की लगेच सगळीकडे सक्ती करू नका. रजिस्ट्रार शिकवायला आणि लॅबचे फॉरमॅट जुळवायला वेळ द्या, दोन-तीन जिल्ह्यांत चालवून बघा, आणि मग एक संदर्भ तारीख जाहीर करा, त्या दिवसापासून पुढची निदानं मोजायची. पहिल्या वर्षाचा आकडा छापायची घाई मात्र खात्याकडून होणार, मंत्र्यांना अहवाल हवा असतो. तो थांबवा, कारण सुरुवातीला जुने पेशंटही नवीन म्हणून आत येतात, कोणाचं निदान खरं कधी झालं ते फाईलमध्ये नसतं, आणि आकडा फुगतो. मग दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी तो आपोआप खाली आला की 'कॅन्सर कमी झाला' अशी बातमी होते. पहिलं वर्ष आतल्या तपासणीला ठेवा, जुनी निदानं चाळून काढा, आणि छापायची सुरुवात त्यानंतरच्या वर्षांपासून करा.