घरच्या हॉलमध्ये स्टुडिओ पोर्ट्रेट काढताना या चुका टाळा

नौपाड्यातील जुनी इमारत असो किंवा घोडबंदर रस्त्यावरील नवे संकुल, ठाण्यातल्या हौशी छायाचित्रकाराचा पहिला स्टुडिओ बहुधा घराच्या हॉलमध्येच उभा राहतो. सोफा बाजूला सरकवला जातो, पडद्याच्या दांडीवर चादर टांगली जाते, एक फ्लॅश आणि त्याचा उजेड पसरवणारी कापडी पेटी, म्हणजे सॉफ्टबॉक्स, विकत आणला जातो, आणि पहिल्या दिवसाची छायाचित्रे संगणकावर पाहताना मन खट्टू होते. अशा वेळी दोष लेन्सला देऊन नवी लेन्स घेण्याचा मोह होतो. परंतु हॉलमधल्या पोर्ट्रेटचे बहुतेक दोष उपकरणांत नसतात. दिवा, चेहरा, भिंत आणि कॅमेरा यांच्यामधली अंतरे न मोजता ठरवल्यामुळे ते निर्माण होतात, आणि अंतरे बदलायला पैसे लागत नाहीत.

त्याआधी एका चुकीचा निकाल लावला पाहिजे, कारण ती राहिली तर पुढचे कोणतेच निदान नीट होत नाही. मावशीच्या साठीनिमित्त मी तिचे पोर्ट्रेट काढले, तेव्हा छताची ट्यूबलाइट चालू होती, खिडकीतून दुपारचा उजेड येत होता आणि भिंतीचा रंग पिस्ता होता. फ्लॅश लावूनही तिच्या डाव्या गालावर हिरवट झाक आली, आणि व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यातली रंग जुळवण्याची सोय) कितीही बदलला तरी एक गाल सुधारताना दुसरा बिघडत राहिला. वेगवेगळ्या रंगांचे उजेड एकाच चेहऱ्यावर पडले की असेच होते. म्हणून आता मी सुरुवातीला आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, शटर १/१६० सेकंद आणि अ‍ॅपर्चर (लेन्सचे छिद्र; आकडा मोठा तितके ते लहान) एफ/८ ठेवून, फ्लॅश बंद करून एक चौकट, म्हणजे एक छायाचित्र, काढतो. ती पूर्ण काळी आली, तर खोलीतला उजेड छायाचित्रात शिरत नाही, हे निश्चित होते. काळी आली नाही, तर आधी पडदे ओढावेत आणि ट्यूबलाइट बंद करावी. यानंतरही हिरवी झाक उरली, तर ती भिंतीवरून परतणाऱ्या फ्लॅशच्या उजेडाची आहे असे समजावे आणि त्या बाजूला पांढरी चादर लावावी.

आता अंतरांकडे वळू. उजेड कडक पडतो आहे असे वाटले की नवखा छायाचित्रकार दिवा मागे नेतो, आणि नेमके उलटे घडते. उजेडाचा मऊपणा चेहऱ्याच्या जागेवरून सॉफ्टबॉक्स किती मोठा दिसतो, यावर ठरतो. साठ सेंटीमीटरचा सॉफ्टबॉक्स दोन मीटरवर नेला, तर तो चेहऱ्याच्या दृष्टीने लहानसा दिवा होतो आणि नाकाची सावली धारदार पडते. तोच पाऊण मीटरवर आणला, तर सावलीची कडा विरघळते. उजेड फार झाला, तर फ्लॅशची शक्ती कमी करावी, दिवा हलवू नये.

याच हिशेबातून पार्श्वभूमीचाही प्रश्न सुटतो. अंतर दुप्पट झाले की उजेड निम्मा न होता चौथा हिस्सा उरतो, म्हणजे दोन स्टॉप कमी होतो (एक स्टॉप उतरला की उजेड निम्मा होतो). दिवा चेहऱ्यापासून एक मीटरवर आणि भिंत चेहऱ्यामागे आणखी एक मीटरवर असेल, तर पांढरी भिंत मळकट करडी दिसते, तिच्यावर सावलीही पडते, आणि पाहणाऱ्याला पासपोर्टच्या फोटोची आठवण होते. दिवा अर्ध्या मीटरवर आणून भिंत चेहऱ्यामागे दीड मीटरवर ठेवली, की भिंतीपर्यंतचे अंतर चौपट होते, तिच्यावर उजेडाचा सोळावा हिस्सा पडतो, आणि तीच पांढरी भिंत गडद राखाडी होते. काळा कागद न आणता एवढा फरक पडतो, हे मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला खरोखर आनंद झाला होता. मात्र आपल्या हॉलचे छत खाली आणि भिंती पांढऱ्या असल्याने उजेड चहूबाजूंनी परतून सावल्या भरून काढतो. गंभीर, छायाप्रधान पोर्ट्रेट हवे असेल, तर चेहऱ्याच्या अंधाऱ्या बाजूला, हातभर अंतरावर, काळे कापड टांगावे. तेवढ्याने गालाचा उतार दिसू लागतो.

कॅमेऱ्याचे अंतर बहुतेक जण जागेअभावी सोडून देतात. कॅमेऱ्यासोबत मिळणारी किट लेन्स १८ मिलीमीटरवर, म्हणजे सर्वांत रुंद दृश्यावर, ठेवून दोन फुटांवरून चेहरा टिपला, की नाक मोठे आणि कान मागे गेलेले दिसतात. हा दोष लेन्सचा नाही, जवळ उभे राहण्याचा आहे. चेहऱ्यापासून दीड ते दोन मीटरवर मागे सरकावे आणि तेथून झूम करावे. हॉल अपुरा पडला, तर दार उघडून पॅसेजमध्ये उभे राहावे.

फ्लॅश असताना एफ/१.८ चा, म्हणजे मोठ्या छिद्राचा, हट्टही बहुधा नडतो, कारण जवळच्या डोळ्याची पापणी स्पष्ट आणि दूरचा डोळा धूसर अशी गत होते. एफ/५.६ ते एफ/८ वर काम करावे आणि फोकस कॅमेऱ्याच्या जवळच्या डोळ्यावर ठेवावा. चौकटीत खाली किंवा वर काळा पट्टा आला, तर शटरचा वेग कॅमेऱ्याच्या सिंक वेगापेक्षा, म्हणजे फ्लॅशसोबत चालणाऱ्या कमाल वेगापेक्षा, जास्त झाला आहे. बहुतेक कॅमेऱ्यांत ही मर्यादा १/१६० ते १/२५० यांच्या दरम्यान असते. फ्लॅशऐवजी स्वस्त एलईडी दिवा वापरताना आडवे पट्टे उमटले, तर कारण वेगळे असते. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने असे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, आणि शटर १/५० किंवा १/१०० ठेवले की पट्टे सहसा जातात.

त्वचेच्या बाबतीत मात्र मी आग्रही आहे. सावळा चेहरा उजळवण्यासाठी एक्स्पोजर (छायाचित्रात येणारा एकूण उजेड) वाढवण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे, आणि तिच्यामुळे कपाळ व गालाची हाडे पांढरी पडून चेहऱ्याचा घाट हरवतो. सावळ्या त्वचेचे सौंदर्य तिच्यावरच्या चमकेच्या उतारात असते. ती चमक मोठ्या, जवळच्या दिव्याने पसरवावी, एक्स्पोजर वाढवून पुसू नये. ठाण्याच्या दमट हवेत घामाने कपाळ चकाकते, त्यावर पावडरचे थर देण्याऐवजी टिश्यू पेपरने टिपून घ्यावे आणि दर दहा मिनिटांनी पंखा लावावा. चष्मा असेल, तर दिवा फूटभर वर घ्यावा आणि “आजोबा, हनुवटी जरा खाली घ्या” एवढेच सांगावे. काचेत दिसणारे सॉफ्टबॉक्सचे पांढरे प्रतिबिंब निघून जाते.

सर्जनशील प्रयोगांत पहिला मान रंगीत जेलचा, म्हणजे दिव्यापुढे लावायच्या रंगीत पारदर्शक कागदाचा, असतो, आणि पहिली तक्रार रंग फिका येण्याची. जेलच्या दिव्याची शक्ती वाढवून रंग गडद होत नाही, उलट धुऊन निघतो; शक्ती कमी करावी आणि मुख्य दिव्याचा पांढरा उजेड त्या भिंतीवर सांडू देऊ नये. लाल जेल वापरताना कॅमेऱ्यावर लाल, हिरवा आणि निळा या तिन्ही रंगांचा हिस्टोग्राम (उजेडाच्या वाटणीचा आलेख) पाहावा, कारण एकत्रित आलेख ठीक दिसत असतानाही लाल रंगातला तपशील पूर्ण जळालेला असू शकतो. मंद उजेडात शटर एक सेकंद उघडे ठेवून ओढणीची हालचाल टिपताना रेषा ओढणीच्या पुढे धावताना दिसत असतील, तर कॅमेऱ्यात फ्लॅशची ‘रिअर कर्टन’ ही सोय निवडावी, म्हणजे तो शटर बंद होण्याआधी शेवटी चमकतो आणि रेषा मागे राहतात.

डबल एक्स्पोजरमध्ये, म्हणजे दोन चित्रे एकाच चौकटीत मिसळताना, येऊरच्या झाडांचे किंवा मासुंदा तलावाच्या लाटांचे चित्र चेहऱ्यात उतरवायचे असेल, तर पहिल्या चौकटीतला चेहरा काळा हवा आणि मागचा भाग शुभ्र हवा. पांढऱ्या जागेवर दुसरे चित्र उमटत नाही, ते अंधाऱ्या जागीच भरते. अर्धवट उजळलेला चेहरा वापरला, की सगळाच गढूळ होतो. चेहरा काळा आणि मागचा भाग शुभ्र ठेवण्यासाठी लागणारे अंतर हॉलमध्ये मिळत नाही, म्हणून मी आतल्या खोलीच्या दारावर पांढरी चादर ताणून बांधतो, फ्लॅश त्या खोलीत चादरीमागे ठेवतो आणि बसणाऱ्याला हॉलच्या बाजूने, चादरीपासून तीन-चार फुटांवर, चेहऱ्याची एक बाजू कॅमेऱ्याकडे येईल असे उभे करतो. चादरीच्या मध्यभागी उजेडाचा गोळा दिसला, तर फ्लॅश आणखी मागे न्यावा. नाक आणि ओठ यांच्या कडा पांढऱ्यात विरून जात असतील, तर फ्लॅशची शक्ती एक स्टॉप उतरवावी आणि माणसाला चादरीपासून आणखी एक पाऊल पुढे घ्यावे.