व्हायल उघडायची घाई

एम.एस्सी. करून मी पुण्यातल्या एका लॅबमध्ये प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून लागले तेव्हा जुलै चालू होता. बाहेर झड लागलेली, लॅबचा एसी बंद. पहिल्याच आठवड्यात माझ्या हाती एका पेप्टाइडची, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीची, व्हायल (औषधाच्या कुपीसारखी छोटी बाटली) आली. उणे २० अंशांच्या फ्रीजरमधून काढली, झाकण उघडलं आणि तशीच वजनकाट्यावर ठेवली. आकडा काही स्थिर होईना, हळूहळू वरच चढत राहिला. मला वाटलं काटा बिघडलाय. शेजारच्या टेबलावरच्या ताईने मान वळवून पाहिलं आणि विचारलं, “फ्रीजमधली पाण्याची बाटली बाहेर काढली की तिला घाम येतो ना? तुझ्या व्हायलला आतून येतोय.”

नव्याने लॅबमध्ये येणाऱ्यांना मी हीच गोष्ट सगळ्यात आधी सांगते. लायोफिलाइज्ड, म्हणजे गोठवून सुकवलेली पावडर फ्रीजरमध्ये वर्षानुवर्षं चांगली राहू शकते. तिचं नुकसान होतं ते आपण ती बाहेर काढतो तेव्हा. म्हणून व्हायल आधी डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) ठेवायची, झाकण बंदच, आणि खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची. अर्धा ते एक तास लागतो. तेवढ्यात चहा पिऊन या. मग सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे नळ्या गरागरा फिरवणाऱ्या यंत्रात, एक छोटी फेरी, कारण स्थिर विजेमुळे पावडर झाकणाला चिकटून बसते आणि झाकण काढताच उडते. त्यानंतर उघडायची. काम झालं की नायट्रोजनचा किंवा आर्गॉनचा हलका झोत सोडून पुन्हा घट्ट बंद. एक मिलिग्रॅमच्या व्हायलमधून अर्धा मिलिग्रॅम मोजून घ्यायच्या फंदात पडू नका, सगळीच विरघळवा.

आणि वजनाचा आणखी एक घोटाळा. सोबतच्या कागदावर ‘शुद्धता ९५ टक्के’ लिहिलेलं असतं, म्हणून व्हायलमधला सगळा ऐवज पेप्टाइडच आहे असं मी धरून चालले होते. ती शुद्धता इतर पेप्टाइड-अशुद्धींच्या तुलनेतली असते. पावडरमध्ये पाणी असतं, पेप्टाइड बनवताना वापरलेल्या ट्रायफ्लुरोअ‍ॅसिटिक आम्लाचे क्षार असतात, त्यामुळे खरं पेप्टाइड बऱ्याचदा ७० ते ८० टक्केच भरतं. माझ्या पहिल्या तीन प्रयोगांची मात्रा त्यामुळे चुकली.

पेप्टाइड आलं की ते ठेवायच्या आधी त्याचा क्रम, म्हणजे कोणती अमिनो आम्लं कशी ओळीने जोडलीत ते, वाचायची सवय लावून घ्या. माझ्या क्रमात मिथिओनिन हे अमिनो आम्ल होतं. मी द्रावण करून ते दोन आठवडे साध्या फ्रीजमध्ये, चार अंशांवर ठेवलं. पुढे मास स्पेक्ट्रोमीटरवर (रेणूंचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर) आलेखातलं टोक आलं ते १६ ने पुढे सरकलेलं. १६ म्हणजे ऑक्सिजनचा एक अणू. मिथिओनिन हवेतल्या ऑक्सिजनने गंजलं होतं, दुसरं काही नाही. सिस्टीन आणि ट्रिप्टोफॅन ही अमिनो आम्लंही अशीच हळवी. दोन सिस्टीन तर एकमेकांना धरून जोडी करतात. अ‍ॅस्पराजिनच्या पुढे ग्लायसिन असेल तर तिथला अमाइड गट गळून त्या जागी आम्लाचा गट येतो आणि वस्तुमान जेमतेम १ ने वाढतं. हा बदल इतका लहान की नवख्या डोळ्याला दिसतच नाही. ग्लुटामिन अगदी सुरुवातीला असेल तर ते स्वतःवरच वळून कडं करतं, तिथे १७ कमी होतात. हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पेप्टाइडला नक्की काय झालं, ते त्यांवरूनच कळतं.

द्रावण केलंच तर ते लगेच छोट्या छोट्या ट्यूबमध्ये वाटून गोठवायचं. एक ट्यूब एका प्रयोगाची. उरलेलं पुन्हा गोठवायचं नाही, जीव तुटला तरी. पाण्यात न विरघळणाऱ्या पेप्टाइडसाठी लोक सर्रास डीएमएसओ हा द्रावक घेतात. सिस्टीन किंवा मिथिओनिन असेल तर तो टाळा, कारण तो त्यांना गंजवतो; त्यापेक्षा डीएमएफ हा दुसरा द्रावक बरा. फार पातळ द्रावणातलं पेप्टाइड प्लॅस्टिकला चिकटूनही नाहीसं होतं. आणि फ्रीजर आपोआप बर्फ वितळवणारा नसावा. तो अधूनमधून स्वतःला तापवतो आणि तुमचा नमुना गुपचूप मऊ होऊन परत गोठतो.

‘जितकं गार तितकं चांगलं’ हा नियम मात्र घरी नेऊ नका. इन्सुलिन हेसुद्धा ५१ अमिनो आम्लांचं पेप्टाइडच, एकमेकींना जोडलेल्या दोन साखळ्यांचं, पण ते तयार द्रावण असतं. माझ्या आजीने एकदा ‘तू लॅबमध्ये ठेवतेस तसं’ म्हणून तिची बाटली बर्फाच्या कप्प्यात ठेवली. ती टाकून द्यावी लागली. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं, गोठू द्यायचं नाही. गोठलेलं वितळलं तरी वापरायचं नाही. गावाकडे वीज नसते तिथे लोक मातीच्या मडक्यात ठेवतात. मला पूर्वी ते अडाणीपणाचं वाटायचं, आता नाही वाटत.

राहता राहिलं लेबल. क्रम, मात्रा, द्रावक, तारीख, आपलं नाव, सगळं त्या इवल्याशा ट्यूबवर. आणि हे अल्कोहोलने न पुसलं जाणाऱ्या मार्करनेच लिहा. माझ्या पहिल्या डब्यातल्या चाळीस ट्यूब मी एकदा अल्कोहोल लावून छान स्वच्छ पुसल्या होत्या.