सेशिनला निघण्याआधी

सेशिन म्हणजे झेन या जपानी बौद्ध ध्यानपंथातलं पाच-सात दिवसांचं सलग मौनातलं बसणं. नागपुरात विपश्यनेची १० दिवसांची शिबिरं केलेले पुष्कळ आहेत आणि त्यांना (मलाही) वाटतं की आपली तयारी झालेलीच आहे. पण झेनमध्ये डोळे मिटत नाहीत. अर्धे उघडे ठेवायचे, नजर खाली. डोळे मिटायची सवय मोडायला मला पंधरा दिवस लागले, तेव्हा ती घरीच मोडा.

त्याहून महत्त्वाचे गुडघे. महिनाभर आधीपासून पहाटे २५ मिनिटं बसा, पाच मिनिटं सावकाश चाला, परत २५ मिनिटं. बसणं म्हणजे झाझेन, मधलं चालणं किनहिन. तिथे दिवसभर हेच. महागडी उशी घेऊ नका, जुनी दुलई घट्ट गुंडाळली की भागतं, खाली सतरंजीची घडी. बैठक गुडघ्यांपेक्षा उंच हवी आणि दोन्ही गुडघे टेकायला हवेत. टेकतच नसतील तर खुर्ची लागेल असं आधी कळवून ठेवा. भिडेखातर मांडी घालणारा तिसऱ्या दिवशी लंगडतो. पायाला मुंग्या आल्या असतील तर घंटा वाजली म्हणून ताडकन उठू नका, पडाल.

कपडे ढगळ, गडद, बिननक्षीचे. सळसळणारा ट्रॅकसूट नको, अत्तर नको. चपला पटकन निघणाऱ्या. कोडाईकनालजवळ पेरुमलमलैच्या बोधी झेंडो या झेन केंद्रात जाणार असाल तर स्वेटर घ्याच. मे महिन्यात इथल्या ४५ अंशांत बॅग भरताना तो हमखास राहतो. रोजच्या गोळ्या मोजून घ्या.

चहा आठवडाभर आधी कमी करा, नाहीतर पहिला दिवस डोकेदुखीत जातो. तर्री-पोह्यांचंही तेच, पोट लवकर ऐकत नाही. ओर्योकी पद्धतीचं (आपापल्या वाडग्यांतून, ठरावीक रीतीने) जेवण असेल तर वाडग्यात गरम पाणी घालून तो धुतात आणि बरंचसं पाणी पिऊन टाकतात. तेव्हा हावरटासारखं वाढून घेऊ नका.

पहिल्याच खेपेला रोहात्सु निवडू नका. बुद्धांच्या ज्ञानप्राप्तीच्या स्मरणार्थ १ ते ८ डिसेंबर चालणारं हे सेशिन सगळ्यांत कडक असतं.

आणि मोबाइल. तो तिथे बंदच राहतो, म्हणून केंद्राच्या ऑफिसचा नंबर घरी फ्रिजवर चिकटवा. शिवाय ओटीपी लागणारी कामं आधी उरका. मी गेलो तेव्हा गॅसवाला सिलिंडर घेऊन दारात उभा, ही त्याच्याशी हुज्जत घालतेय, आणि त्याला हवा तो नंबर माझ्या बंद फोनवर.