इम्युलेटर अडखळतोय? नवं ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी या चुका टाळा

ऐरोलीत आमच्या सोसायटीतला बारावीचा एक मुलगा गेल्या महिन्यात त्याचा पीसी दाखवायला घेऊन आला. "काका, कार्ड बदलावं लागेल का हो? दुकानात म्हणाले, जुनं झालंय." कार्ड होतं एनव्हिडियाचं जीटीएक्स १६५०. पीसीएसएक्स२ या इम्युलेटरवर (जुन्या कन्सोलचे गेम पीसीवर चालवणारा प्रोग्रॅम) प्लेस्टेशन २ चे गेम दर पाच-दहा सेकंदांनी अडखळायचे आणि आवाज फाटायचा. अलीकडचे जड गेम मात्र त्याच कार्डावर बरे चालत होते. आता बघा, जड गेम चालतो आणि २००० साली आलेल्या कन्सोलचा गेम अडखळतो. कार्डाची ताकद कमी असती तर हे उलटं झालं असतं.

त्याचं कार्ड मधेमधे डुलक्या घेत होतं. इम्युलेटरमध्ये मुख्य भार प्रोसेसरवर असतो. ६० फ्रेमच्या गेमला एका फ्रेमसाठी साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. त्यातला मोठा वाटा जुन्या कन्सोलच्या सूचना आपल्या प्रोसेसरला समजतील अशा करण्यात जातो. कार्डाचं काम चटकन आटोपतं आणि ते रिकामं बसतं. काम कमी दिसलं की वीज वाचवायला त्याचा क्लॉक, म्हणजे काम करण्याचा वेग, खाली येतो. तेवढ्यात पडद्यावर धूर, पाऊस, स्फोट येतो आणि क्लॉक पुन्हा चढेपर्यंत काही फ्रेम हुकतात. आवाजही गेमच्या वेगावरच चालतो, म्हणून तोही तुटतो.

विंडोजच्या टास्क मॅनेजरमधल्या जीपीयूच्या, म्हणजे कार्डाच्या, टक्क्यावर विसंबू नका. तिथे 'जीपीयू ७० टक्के' दिसलं, तर ते त्या क्षणीच्या क्लॉकवरचे ७० टक्के असतात. क्लॉक निम्म्यावर उतरला असेल तर हा आकडा काहीच सांगत नाही. जीपीयू-झेड हे मोफत साधन उघडा आणि गेम चालू असताना क्लॉकची ओळ बघा. जीटीएक्स १६५० चा अधिकृत बूस्ट क्लॉक १६६५ मेगाहर्ट्झ आहे. या मुलाचा आकडा सहाशेच्या आसपास घुटमळत होता. तिथेच 'परफकॅप रीझन' नावाची ओळ असते, ती क्लॉक का वर जात नाही त्याचं कारण सांगते. तीत 'आयडल' किंवा 'युटिल' दिसलं, तर कार्डाला पुरेसं कामच मिळत नाहीये.

यावरचा इलाज सगळ्यांना ऐकून माहीत असतो, पण तो लावला जातो चुकीच्या जागी. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये 'मॅनेज थ्रीडी सेटिंग्ज'मध्ये जाऊन पॉवर मॅनेजमेंट मोड 'प्रेफर मॅक्सिमम परफॉर्मन्स' करायचा असतो. बरेच जण तो 'ग्लोबल' टॅबमध्ये करून टाकतात. मग साधं ब्राउझर उघडलं तरी क्लॉक चढलेला राहतो, पंखा फिरत राहतो आणि वीज उगाच जळते. 'प्रोग्रॅम सेटिंग्ज'मध्ये जा, फक्त इम्युलेटरची फाइल निवडा, तिथेच हा बदल करा आणि इम्युलेटर बंद करून पुन्हा उघडा. एएमडी कार्ड असेल तर 'रेडिऑन चिल' बंद आहे ना, ते पाहा. बटणं दाबली जात नसताना ते फ्रेम कमी करतं, आणि इम्युलेटरमध्ये तो गोंधळ नको.

लॅपटॉपवाल्यांची गंमत वेगळीच. विंडोज काही वेळा इम्युलेटरला प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवरच चालवतं आणि वेगळं कार्ड गप्प बसून राहतं. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स असं जाऊन इम्युलेटरला 'हाय परफॉर्मन्स' द्या. ही निवड फोल्डरच्या पत्त्याशी बांधलेली असते. नवी आवृत्ती दुसऱ्या फोल्डरात उतरवली, की ती पुन्हा द्यावी लागते. चार्जर लावूनच खेळा. डेस्कटॉपवाल्यांनो, मॉनिटरची केबल मदरबोर्डला नाही ना लावलेली, तेवढं मागे वाकून बघा.

आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग्ज बदलायच्या साधनात पॉवर लिमिट वाढवणं ही मला सगळ्यात जास्त खटकणारी चूक. जे कार्ड मिळते ती वीजच पूर्ण वापरत नाहीये, त्याची मर्यादा वाढवून काय मिळणार? १६५० हे मुळात ७५ वॅटचं कार्ड आहे, आणि मदरबोर्डचा स्लॉटही ७५ वॅटच देतो. वेगळी पॉवर केबल नसलेल्या कार्डाला आणखी ताणण्यात अर्थ नाही.

आता खरी अडचण कुठे आहे ते शोधा. पीसीएसएक्स२ च्या ऑन-स्क्रीन डिस्प्लेमध्ये वेग, सीपीयू आणि जीपीयूचा वापर चालू करा. 'ईई' (प्लेस्टेशन २ च्या मुख्य प्रोसेसरची नक्कल करण्याचं काम) शंभराला टेकत असेल तर अडचण प्रोसेसरची आहे. रिझोल्यूशन कमी करून उपयोग नाही, विंडोजचा पॉवर प्लॅन तपासा. क्लॉक पूर्ण चढलेला असूनही जीपीयू शंभरावर असेल, तर इंटर्नल रिझोल्यूशन (मूळ कन्सोलच्या किती पट बारकाईने चित्र काढायचं ते) खाली आणा. ३ पटीवरून ६ पटीवर गेलात की पिक्सेल चौपट होतात, हे लक्षात ठेवा. आणि गेम ५० फ्रेमवरच अडकला असेल तर घाबरू नका. युरोपच्या पाल (तिथली टीव्ही पद्धत) आवृत्त्यांपैकी बऱ्याच ५० हर्ट्झवरच चालतात. वेग १०० टक्के दाखवत असेल, तर सगळं ठीक आहे.

नव्या जागी किंवा नव्या शत्रूसमोर पहिल्यांदाच झटका बसतो आणि नंतर कधीच नाही, तर ते शेडर, म्हणजे कार्डावर चालणारे छोटे चित्र-प्रोग्रॅम, तयार होण्याचं काम. पॉवर सेटिंगचा त्याच्याशी संबंध नाही. डॉल्फिन या गेमक्यूब आणि वीच्या इम्युलेटरमध्ये त्यासाठी 'हायब्रिड उबरशेडर्स' निवडा.

शेवटी आपल्या हवेबद्दल. खाडीकाठचा दमटपणा आणि ठाणे-बेलापूर रस्त्याची धूळ मिळून पंख्यावर चिकट थर बसतो. त्यात कॅबिनेट कॉम्प्युटर टेबलाच्या बंद लाकडी कप्प्यात. मे महिन्यात अशा कप्प्यात कार्ड तापलं की ते स्वतःच क्लॉक खाली आणतं, आणि मग कुठलीही सेटिंग चालत नाही. परफकॅपमध्ये 'थर्म' दिसलं तर आधी कॅबिनेट बाहेर काढा, पंखे साफ करा. मोठं कार्ड आणि ६०० व्हीएचा यूपीएस असेल तर तोही बघा. असे यूपीएस बहुधा ३६० वॅटच पेलतात, आणि भार वाढला की थेट बंद पडतात.

त्या मुलाच्या पीसीत मी एक सेटिंग बदलली आणि कॅबिनेट कप्प्यातून बाहेर काढायला लावलं. क्लॉक सोळाशेच्या वर स्थिरावला आणि आवाज फाटायचा थांबला. कार्ड तेच आहे.