कडवळाचे वाण शेजारी शेजारी पेरून पारखा

मृगाचा पाऊस होऊन वाफसा आला की कडवळाच्या, म्हणजे वैरणीसाठीच्या ज्वारीच्या, पेरणीची घाई सुरू होईल. त्याआधी कळकळीची विनंती आहे: वैरणीचं सगळं रान एकाच पिशवीतल्या बियाण्यानं भरू नका. एकसारख्या जमिनीचे दोन-तीन गुंठे राखा आणि त्यात वेगवेगळ्या धाटणीचे वाण शेजारी शेजारी पेरा.

वेगवेगळ्या धाटणीचे म्हणजे, राहुरीच्या विद्यापीठाचा रुचिरा किंवा फुले अमृता, अनेक कापण्या देणारा कोईमतूरचा सीओएफएस-२९, ज्वारी आणि सुदान गवताच्या संकरातून आलेला एसएसजी ५९-३ आणि गावातलं एखादं जुनं बी. नावं चार पण गुण एकच असतील, तर त्या पारखणीला अर्थ नाही. दोन ओळींत ३० सेंटिमीटर अंतर ठेवा. एककापणी वाणाला गुंठ्याला साधारण ४०० ग्रॅम बी लागतं.

उंचीवर भाळू नका. उंच ताटं लोळतात आणि जाड बुडखे जनावरं गव्हाणीतच टाकतात. कणीस बाहेर पडलं की पान उन्हाकडे धरून मधली शीर बघा. शीर पांढरीशुभ्र असेल तर ताट बहुधा भेंडासारखं कोरडं निघतं. शीर मळकट हिरवी असेल तर ताटात रस असतो. पेरं मोडून, चावून खात्री करा. तपकिरी शिरेच्या वाणांत लिग्निन, म्हणजे ताट कडक करणारा न पचणारा भाग, कमी असल्यानं चारा चांगला पचतो.

वजन मधल्या ओळींचंच घ्या, कडेची ताटं नेहमी फसवतात. १० मीटर ओळ कापली म्हणजे ३ चौरस मीटर क्षेत्र झालं; त्या वजनाला ३४ ने गुणलं की गुंठ्याचा हिरवा चारा कळतो. त्यातली एक किलो कुट्टी वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवा, कारण हिरव्या वजनात पाणीच जास्त असतं. पानं आणि ताटं वेगळी तोला. मग प्रत्येक वाणाची सारख्याच वजनाची कुट्टी घाला आणि गव्हाणीत उरलेली वैरण मोजा. माझ्या मते सगळ्यात खरा निकाल तोच.

पारखण्याच्या नादात कोवळं कडवळ मात्र जनावरांपुढे टाकू नका. कोवळ्या पोंग्यांत, पाण्याच्या ताणानं सुकलेल्या पिकात आणि कापणीनंतरच्या नव्या फुटव्यांत धुरिन नावाच्या द्रव्यापासून हायड्रोसायनिक आम्ल हे विष तयार होतं आणि जनावर काही मिनिटांत दगावू शकतं. निम्मं पीक फुलोऱ्यात आल्यावर कापणं सुरक्षित. जनावर धापा टाकू लागलं, लडखडलं तर चारा लगेच काढून घ्या आणि पशुवैद्यकाला तातडीनं बोलवा.

पसंत पडलेल्या सरळ (संकरित नसलेल्या) वाणाचं किंवा गावरानाचं बी घरीच धरता येतं. ज्वारीत थोडं परपरागीभवन होतंच, म्हणून फुलोऱ्याआधी निवडक कणसांना कागदी पिशव्या बांधा. संकरित वाणाचं बी मात्र दर वर्षी नवंच घ्यावं लागेल.